पाटणहून आणलेली तारेची मूर्ती: तिची चिन्हे कशी वाचावीत?

वैदर्भी

सर्वांना सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नेपाळला गेलो होतो. काठमांडूला लागून असलेल्या पाटण, म्हणजेच ललितपूर, या जुन्या शहरात महाबौद्ध मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये घरोघरी मूर्तिकाम चालते. तिथल्या एका कारागिराकडून मी साधारण वीतभर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची स्त्रीमूर्ती घेतली. ही ‘हरित तारा’ आहे एवढे त्यांनी सांगितले. परंतु हातोड्यांचा आवाज आणि आमची परतीची घाई यांमुळे पुढचे काही विचारता आले नाही. घरी आल्यावर मात्र एकेक शंका येऊ लागली, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

मूर्ती कमळावर बसलेली आहे. डावा पाय आत दुमडलेला आहे, तर उजवा पाय खाली सोडून एका लहान कमळावर टेकवलेला आहे. उजवा हात गुडघ्यावर असून तळवा समोर आहे. डावा हात छातीपाशी असून त्यात एका फुलाचा देठ धरला आहे आणि ते फूल खांद्याजवळ उमललेले आहे. शेजारच्या काकूंनी तिला लक्ष्मी समजून हात जोडले. ही लक्ष्मी नव्हे हे मला कळते, पण का नव्हे ते सांगता येत नाही. शिवाय नाव हरित आणि मूर्ती सोनेरी, हेही कोडेच आहे.

दुसरी शंका घडणीविषयी आहे. मूर्ती आतून पोकळ आहे, तळ उघडा आहे आणि ती उलटी धरली की जळक्या काळ्या मातीचा भुगा पडतो. पाठीवर नखाहूनही लहान असे दोन चौकोनी ठिगळांचे जोड बारकाईने पाहिल्यास दिसतात. तळासाठी म्हणून तांब्याचा एक पातळ पत्रा वेगळा कागदात गुंडाळून दिला होता आणि त्यावर अधिकच्या खुणेसारखी आकृती कोरलेली आहे. आमच्या एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, डागडुजी केलेली सदोष मूर्ती मला विकण्यात आली.

तिसरा प्रश्न आईचा आहे. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. आई शांतपणे एवढेच म्हणाली, “आपल्या घरात देवी नाही. मग ही कोण?” मला तिला समाधान वाटेल असे उत्तर द्यायचे आहे, आणि ते खरेही असायला हवे.

लेणीवाट

ताई, आपण मूर्तीचे वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राची गरज उरली नाही. ही हरित ताराच आहे. बौद्ध मूर्ती ओळखताना आधी आसन, मग हातांची मुद्रा आणि मग हातातील वस्तू असा क्रम ठेवावा. चेहऱ्यावर विसंबू नये, कारण पाटणच्या एकाच कारागिराने घडवलेल्या तारा, मंजुश्री आणि वसुधारा यांचे चेहरे बहिणी-भावंडांसारखे एकमेकांशी जुळतात. मंजुश्री ओळखायचा तो उजव्या हातातील खड्गावरून आणि डाव्या बाजूच्या कमळावर ठेवलेल्या ग्रंथावरून. वसुधारा ओळखायची ती सहा हातांवरून आणि धान्याच्या कणसांवरून.

रंगाचे कोडे सोपे आहे, पण त्याचे उत्तर या मूर्तींच्या मुळाशी जाते. वज्रयान, म्हणजे बौद्ध धर्मातील तांत्रिक पंथ, या परंपरेतील साधनग्रंथांत देवतेचे जे वर्णन येते, ते मुख्यतः ध्यानाला बसणाऱ्यासाठी असते. त्याने मनात कोणते रूप, कोणत्या वर्णाचे, कोणत्या क्रमाने उभे करायचे, हे त्यात सांगितलेले असते. मूर्ती हा त्या ध्यानाला दिलेला डोळ्यांपुढचा आधार होय. त्या वर्णनात तारा हिरव्या वर्णाची आहे, कारण ती पाच ध्यानी बुद्धांपैकी हिरव्या अमोघसिद्धीच्या कुळातली मानली जाते, आणि या कुळाचा गुण म्हणजे कृती, हाती घेतलेले काम तडीला नेणे. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजाच्या चित्रकारांनी कापडावर काढलेल्या पौभा या धार्मिक चित्रांत हा हिरवा रंग प्रत्यक्ष दिसतो. धातूच्या मूर्तीवर सोने चढले की तो लोपतो, आणि मग सगळी ओळख शरीराच्या ठेवणीवर येऊन पडते.

म्हणूनच तो खाली सोडलेला उजवा पाय माझ्या मते या मूर्तीतील सर्वांत बोलकी खूण आहे. आत दुमडलेला डावा पाय ध्यानातला आहे. उजवा पाय कमळावर टेकून उठण्याच्या तयारीत आहे. कोणी हाक मारली तर आसन मोडायलासुद्धा वेळ लागू नये, अशी ती बैठक आहे. श्वेत तारेचे दोन्ही पाय वज्रासनात दुमडलेले असतात आणि तिच्या कपाळावर, तळहातांवर व तळपायांवर डोळे कोरलेले असतात; नेहमीचे दोन धरून ते सात होतात. आपल्या मूर्तीच्या तळहातावर डोळा नसेल, हे मी न पाहताच सांगतो. गुडघ्यावरचा उजवा हात वरद मुद्रेत, म्हणजे देण्याच्या मुद्रेत आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि अनामिका यांच्यात देठ धरलेला असेल आणि उरलेली बोटे वर असतील. ही आश्वासनाची, भय दूर करणारी मुद्रा आहे. फुलाच्या पाकळ्या नीट पाहा. त्या कमळासारख्या रुंद नसून कुमुदासारख्या निमुळत्या असतील, कारण तारेच्या हातात पद्म, म्हणजे कमळ, नसते; उत्पल, म्हणजे निळे कुमुद, असते. लक्ष्मीपासून तिला वेगळे करणारी ही एक ठळक खूण आहे. त्याच देठावर एक कळी, एक उमललेले फूल आणि एक बीज धरलेले फूल कोरण्याचीही रीत आहे आणि त्यांचा अर्थ भावी, वर्तमान व भूतकाळातील बुद्ध असा लावला जातो.

काकूंची गल्लत नवी नाही. वेरूळच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात महामायूरी ही बौद्ध देवी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि पायाशी ग्रंथ वाचणारा अभ्यासक आहे. तिला सरस्वती समजून नमस्कार करणारे पर्यटक मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

आता आपल्या मातीतला धागा सांगतो. तारा हे नाव ‘तॄ’ या धातूपासून आले. आपले ‘तारणे’ आणि जहाजासाठीचा जुना मराठी शब्द ‘तारू’ ही त्याच धातूची लेकरे. आठ महाभयांतून पार नेणारी ती तारा. सिंह, हत्ती, अग्नी, सर्प, चोर, बेड्या, पाणी आणि पिशाच अशी ती आठ भये. औरंगाबादच्या ७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत दरवाजाशेजारी हीच भये दगडात कोरलेली आहेत: एका बाजूला आग, तलवार उगारलेला लुटारू, बेड्यांत अडकलेला माणूस, बुडणारी नाव, आणि दुसऱ्या बाजूला उरलेली चार. तिथे मध्यभागी तारा नाही, करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यातही तोच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तारा व भृकुटी या देवी उभ्या आहेत. सहाव्या शतकाच्या आसपास सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला बुडणारी नाव आणि वाटमारी ही रोजची भीती होती. पुढच्या काळात संकटमोचनाचे हेच काम तारेकडे आले आणि आठ भयांनी वेढलेली तिची स्वतंत्र शिल्पे घडू लागली. वेरूळच्या तीन मजली १२ क्रमांकाच्या लेण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर, गाभाऱ्यापुढच्या दालनात, कमळांवर बसलेल्या बारा देवींची रांग आहे. त्या पाहून मग आपली वीतभर मूर्ती पाहा, नाते लगेच लक्षात येईल.

ओतकाम

वरच्या प्रतिसादात चिन्हांविषयी सारे आलेच आहे. मी धातूच्या मूर्ती ओतण्याचे काम करतो आणि हे तंत्र पाहण्यासाठी काही महिने पाटणला राहिलो होतो, म्हणून घडणीविषयी लिहितो. आपल्या नातेवाइकांना सांगा की, ज्या खुणांना ते दोष म्हणतात त्याच ही मूर्ती मेणाच्या साच्यातून हाताने ओतल्याच्या खुणा आहेत.

मधमाशांच्या मेणात सालवृक्षाची राळ मिसळून ते कोमट करतात आणि मऊ झालेल्या मेणाचे पातळ पापुद्रे करून त्यांतून पोकळ मूर्ती घडवतात. धड, हात, फूल, आसन हे भाग बहुधा वेगवेगळे असतात. मेणमूर्तीवर आधी बारीक चाळलेली माती आणि शेण यांचा पातळ रबडा चढवतात. हा पहिला थर फार महत्त्वाचा, कारण नखे, दागिने, वस्त्राची किनार यांचा बारकावा तोच टिपतो. तो सावलीत वाळला की पुन्हा थर, आणि शेवटी भाताचा तूस मिसळलेली जाड माती. भट्टीत हा तूस जळतो, मातीला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि तापलेल्या धातूबरोबर कोंडलेली हवा त्यांतून बाहेर निघते. आतल्या पोकळीतही माती भरलेली असते. मेण वितळून गेल्यावर ही आतली माती बाहेरच्या साच्याला चिकटू नये, दोहोंमध्ये धातूला जागा राहावी, म्हणून आरपार लोखंडी खिळे ठोकलेले असतात. मूर्ती ओतून झाल्यावर खिळे काढतात आणि ती भोके तांब्याच्याच लहान चौकोनी तुकड्यांनी बुजवतात. आपल्या मूर्तीच्या पाठीवर दिसतात ती हीच ठिगळे, आणि पडणारा काळा भुगा ही आतली भाजलेली माती.

कधी कधी ठिगळ खरोखरच ओतकामातली उणीव झाकण्यासाठी असते, पण त्यातही लबाडी नाही. शुद्ध तांबे ओतणे अतिशय अवघड आहे. ते १०८४ अंश सेल्सिअसला वितळते, पितळेसारखे सहज वाहत नाही आणि हवा शोषून घेते. तरीही पाटणचे कारागीर तांब्यालाच धरून राहिले आहेत, कारण पाऱ्याच्या साहाय्याने द्यायचा सोन्याचा मुलामा तांब्यावर चांगला बसतो. शिसे किंवा जस्त मिसळलेल्या धातूवर तो डागाळतो. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्याची एकच मूर्ती होते. किती तांबे लागेल याचा हिशेब मेण तोलून करतात. तांबे मेणाच्या सुमारे नऊपट जड असते. हे तंत्र आपल्याला परके नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याचा विधी सविस्तर दिलेला आहे आणि रामटेकजवळ हमलापुरी येथे मिळालेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती त्याहून कित्येक शतके जुन्या आहेत.

साच्यातून निघालेली मूर्ती काळपट, खरखरीत असते. तिला रूप येते ते छिन्नीने, आणि सर्वांत जास्त दिवस याच कामात जातात. इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. आता अनेक ठिकाणी मूळ मेणमूर्तीचा रबरी साचा करून तिच्या मेणाच्या प्रती काढतात, त्यामुळे ‘हस्तनिर्मित’ या शब्दाचा अर्थ ‘अशी दुसरी नाही’ असा होईलच असे नाही. मला यात गैर वाटत नाही, फक्त ते लपवले जाऊ नये. हाताचे खरे काम पाहायचे असेल तर बोटांच्या पेरांकडे आणि वस्त्राच्या किनारीवरील नक्षीकडे भिंगातून पाहावे. तिथे रेघ धारदार आणि मोकळी असेल, तर छिन्नी जाणत्या हातात होती असे समजावे.

मुलाम्याविषयी थोडक्यात. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा मूर्तीवर पसरतात आणि मूर्ती तापवतात. पारा वाफ होऊन निघून जातो, सोने उरते. ही वाफ विषारी आहे आणि मुलामा देणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ती श्वासावाटे घेतली आहे. ही किंमत मूर्तीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. शेवटी चेहऱ्यावर सोन्याची भुकटी सरसात कालवून लावतात आणि डोळे, ओठ कुंचल्याने रंगवतात. म्हणून चेहऱ्याला पाणी लावू नका. चिंच, लिंबू, भांडी घासायची पूड यांपैकी काहीही मूर्तीच्या जवळ नेऊ नका. मऊ कोरडा कुंचला पुरेसा आहे.

वैदर्भी

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आज भिंग घेऊन बसले. अंगठा आणि अनामिका, अगदी तसेच आहे. तळहातावर डोळा नाही. त्या कोरलेल्या पत्र्याविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही. तो मूर्तीच्या तळाला चिकटवून घ्यावा का?

हिमशिखर

घाई करू नका. मी काही वर्षे हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा या गावी राहून तिबेटी भाषा शिकलो. तिथे पाहिलेले सांगतो.

पत्र्यावरची आकृती अधिकची खूण नसून विश्ववज्र आहे, म्हणजे एकमेकांवर आडवी-उभी ठेवलेली दोन वज्रे. ती अढळपणाची खूण आहे. कारागिराने तळ उघडा ठेवला, कारण त्याच्या दृष्टीने काम इथेच संपते आणि पुढचे काम धर्माचार्यांचे असते. मंत्र आणि धारणी, म्हणजे लांब संरक्षक मंत्रपाठ, छापलेल्या कागदाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून त्या पोकळीत भरतात. मध्यभागी लाकडाची एक कोरलेली काठी उभी असते, तिला जीवनवृक्ष मानतात. सुगंधी वनस्पती, धान्य, कधी एखाद्या पवित्र स्थळाची माती किंवा गुरूंचे अवशेषही ठेवतात. मग हा पत्रा बसवून मूर्तीच्या तळाची कड छिन्नीने त्यावर वळवतात आणि तळ कायमचा बंद होतो. त्यानंतर प्राणप्रतिष्ठा होते. पाटणच्या नेवार बौद्धांमध्ये वज्राचार्य पुरोहित त्या वेळी मूर्तीवर माणसाप्रमाणे जन्मापासूनचे दशकर्म संस्कार करतात. मला हे फार हृद्य वाटते: ज्या धातूला कारागिराने आकार दिला, त्याला समाज एका माणसासारखे वाढवतो.

एकदा बंद झालेला तळ उघडत नाहीत. संग्रहालयांत तळ उघडा असलेली, आतून रिकामी झालेली जुनी मूर्ती दिसली की म्हणूनच मन खिन्न होते. आपली मूर्ती रिकामी आहे याचा अर्थ एवढाच की तिची प्रतिष्ठा झालेली नाही.

जुना दीक्षार्थी

जय भीम. मी नागपूरचा आहे आणि वयाने बराच मोठा आहे, म्हणून आईंच्या प्रश्नाकडे वळतो. ‘तारा बौद्धच आहे’ एवढ्यावर आईंनी समाधान मानावे, असे मला वाटत नाही. त्यांचा प्रश्न त्याहून खोल आहे.

जे आहे ते सरळ मांडावे. प्राचीन पाली परंपरेत तारा नाही. ती महायानात आणि पुढे वज्रयानात आली. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात संकटातून सोडवणाऱ्या कोणत्याही दैवी शक्तीला स्थान नाही. बावीस प्रतिज्ञांत तारेचे नाव नाही हे खरे असले, तरी त्या पळवाटेने तिला देव्हाऱ्यात बसवणे प्रतिज्ञांच्या आशयाला धरून होणार नाही. आणखी एक दुखरी बाब आहे. ज्या शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांनी ही विद्या जपली, त्यांच्या समाजात विहाराच्या संघाचे सदस्यत्व पित्याकडून पुत्राकडे, जन्माने येते. बुद्धाने जे मोडले ते काठमांडूच्या खोऱ्यात बौद्धांच्याच घरात पुन्हा उभे राहिले. मूर्तिकाम करणाऱ्यांत आज इतर समाजांतील माणसेही आहेत, तरीही हा इतिहास आपल्या माणसाने विसरून चालणार नाही.

हे सारे मान्य करूनही मी ती मूर्ती घरात ठेवली असती. बाबासाहेब स्वतः नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते आणि तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपण ज्या शहरातून मूर्ती आणली ते त्या प्रवासाच्या अगदी जवळचे आहे. आणि तारेविषयी तिबेटी परंपरेत सांगतात ती एक कथा आईंना जरूर सांगा. ज्ञानचंद्रा नावाची एक राजकन्या होती. तिची साधना पाहून भिक्षू तिला म्हणाले की, आता तू पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा अशी प्रार्थना कर. तिने उत्तर दिले की, स्त्री आणि पुरुष हे भेद अज्ञानाने केलेले आहेत. पुरुषदेहात बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी शेवटपर्यंत स्त्रीच्याच देहात राहून जगाच्या कल्याणासाठी झटेन. ती पुढे तारा झाली. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण ज्यांनी ही मूर्ती प्रथम कल्पिली त्यांच्या मनात काय होते, हे तिच्यातून कळते.

माझी सूचना अशी की, बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी, जिथे आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो तिथे तिला ठेवू नये. पुस्तकांच्या कपाटात ठेवावे. हिमशिखर यांनी लिहिलेच आहे की तळ बंद होऊन प्रतिष्ठा होईपर्यंत त्या परंपरेच्या दृष्टीनेही मूर्तीचे काम अपुरे असते. तेव्हा तळ उघडाच राहू द्यावा. मग ती करुणेचे एक उत्तम शिल्प आहे, आणि ते आपल्या घरात असण्याला कोणत्याही प्रतिज्ञेची आडकाठी नाही.

वैदर्भी

सर्व प्रतिसाद काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवले. लेण्यांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. ज्ञानचंद्रेची कथा ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतः मूर्ती उचलली, कोरड्या कुंचल्याने आसनाच्या कडेची माती झाडली आणि पुस्तकांच्या कपाटात मधल्या फळीवर, आजोबांच्या वह्यांशेजारी ठेवली. पत्रा त्याच कागदात गुंडाळून मूर्तीमागे ठेवला आहे. खाली सोडलेला पाय फळीच्या कडेला येतो, त्यामुळे ती आत्ता उतरेल असे वाटते. मार्चमध्ये आईला घेऊन औरंगाबादची लेणी पाहायला जायचे ठरले आहे. ७ क्रमांकाच्या लेण्यात सकाळी उजेड चांगला असतो की दुपारनंतर, हे लेणीवाट यांनी कृपया कळवावे.

लेणीवाट

आईंना जरूर आणा. लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात आणि मार्चमध्ये दुपारी ऊन कडक असते, म्हणून सकाळी लवकर निघा. सोबत एक लहान विजेरी ठेवा. आठ भयांचा शिल्पपट ओवरीतच असल्याने बाहेरच्या उजेडात दिसतो, पण आत गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये घेऊन बसलेल्या सहा स्त्रिया आहेत, तिथे अंधार असतो. काही अभ्यासक त्या नर्तकीलाही तारा मानतात. तिच्या पायांची ठेवण आईंना आवर्जून दाखवा.